घरातलं कर्ज, देवावरचा भरवसा आणि चर्चमधली चुप्पी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अर्थविषयक पानावर दर आठवड्याला एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) कुठे करावी, टॅक्स कसा वाचवावा, सोनं घ्यावं की म्युच्युअल फंड असं बरंच काही येतं. मी ते वाचते, उपयोगाचं असतं, पण दरवेळी वाटतं की हे सगळं ज्यांच्याकडे महिन्याच्या शेवटी काहीतरी उरतं त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा पगार एक तारखेला येतो आणि पाच तारखेपर्यंत तीन-चार ईएमआयमध्ये निघून जातो त्यांना कोण काय सांगणार? अशी माणसं माझ्या आजूबाजूला भरपूर आहेत आणि ती बहुतेक देवभीरू, दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणारी, रात्री घरात रोझरी (जपमाळ) म्हणणारी माणसं आहेत. मी वसईची, कॅथलिक, सगळी नोकरी एका पतपेढीत कर्ज खात्यात केली, आता रिटायर आहे आणि आमच्या चर्चमधल्या काही जणांबरोबर लोकांच्या घरगुती हिशेबात मदत करते. त्या अनुभवावरून हे लिहितेय. पत्र लांब होणार आहे, काटछाट केलीत तरी चालेल.

आमच्याकडे आजारपणाबद्दल उघड बोललं जातं. कुणाला कॅन्सर झाला तर अख्खी आळी प्रार्थनेला बसते, मुलाची परीक्षा, मुलीचा व्हिसा, जावयाची गल्फमधली नोकरी, सगळ्यासाठी प्रार्थना मागितली जाते. पण "माझ्यावर क्रेडिट कार्डाचं दोन लाखांचं देणं आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा" असं प्रार्थनासभेत कुणी उठून बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. लाज वाटते. त्यात भर म्हणजे असा एक समज की देवाचं माणूस कर्जात पडतच नाही, पडलं तर त्याच्या श्रद्धेत काहीतरी कमी असणार. हा समज बायबलमध्ये कुठेच नाही, उलट बायबल कर्जदारांनी भरलेलं आहे.

बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात चौथ्या अध्यायात एक विधवा आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळीतला, म्हणजे पूर्ण वेळ देवाच्या कामाला वाहिलेला, आणि तो कर्ज ठेवून मेलाय. सावकार दारात आलाय आणि तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायचं म्हणतोय. ती अलीशा नावाच्या संदेष्ट्याकडे जाऊन रडते, म्हणते तुम्हाला माहितीये माझा नवरा देवाचं भय बाळगणारा होता. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे की अलीशा तिला एका शब्दानेही टोचत नाही, कर्ज का काढलं, कशाला काढलं, काही नाही. तो विचारतो, घरात काय आहे ते सांग. ती म्हणते काही नाही, थोडं तेल आहे फक्त. मग तो तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडीथोडकी आणू नकोस म्हणतो, आणि दार लावून मुलांना बरोबर घेऊन तेल ओतायला सांगतो. भांडी संपेपर्यंत तेल पुरतं. चमत्कार आहेच, पण चमत्कारानंतरची सूचना बघा, जा, तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा.

आमच्या ग्रुपकडे कुणी आलं की आम्ही जवळपास याच क्रमाने जातो. आधी घरात काय आहे ते कागदावर. मग शेजारपाजार, नातेवाईक, मुलं, म्हणजे कुणाला विश्वासात घ्यायचं ते. मग विकण्यासारखं काय आहे, जास्तीचं काम काय करता येईल. मग देणं. आणि जगणं त्यानंतर उरेल त्यात. ऐकायला सोपं आहे पण पहिल्याच पायरीला लोक अडकतात, कारण आपल्यावर एकूण देणं किती आहे हा आकडा बहुतेकांना माहीतच नसतो, हप्ता किती जातो ते माहीत असतं. गाडीचा एवढा, फ्रिजचा एवढा, पर्सनल लोनचा एवढा, आणि कार्डाचं "मिनिमम" भरतो. हे मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, हे प्रकरण जरा नीट सांगते कारण चांगले शिकलेले लोकसुद्धा यात फसलेत. कार्डाचं व्याज बऱ्याच ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. एक लाख थकले असतील तर एका महिन्याचं व्याज साडेतीन हजार, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये, झाले ४,१३० रुपये. आता मिनिमम ५ टक्के धरलं तर तुम्ही भरलेत पाच हजार. म्हणजे मूळ रकमेतून कमी झाले फक्त ८७० रुपये! आणि माणूस समाधानाने झोपतो की या महिन्याचं भरलं.

बायबलमध्ये नहेम्या या यहुदी पुढाऱ्याच्या पुस्तकात पाचवा अध्याय आहे, तिथे दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, पोरं गुलामीत चाललीत, आणि कर्ज देणारे परके नाहीत, त्यांचेच यहुदी भाऊबंद आहेत. नहेम्याला भयंकर राग येतो, तो सभा बोलावतो आणि सगळ्यांसमोर सरदारांना सांगतो की जमिनी परत करा आणि जो शंभरावा हिस्सा घेताय तोही परत करा. शंभरावा हिस्सा म्हणजे महिन्याला एक टक्का असं बरेच अभ्यासक समजतात. एक टक्क्याला नहेम्या एवढा संतापला, आपण साडेतीन टक्के मुकाट्याने भरतो आणि वर त्या कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट मोजतो.

मोबाइलवरच्या लोन ॲपची गोष्ट तर याहून वाईट. पाच-दहा हजारांसाठी पोरं ॲप टाकतात, कॉन्टॅक्ट्सची परवानगी देतात आणि मग वसुलीवाले नातेवाइकांना, ऑफिसात, कधी कधी अगदी फादरनासुद्धा फोन करतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच नियम केलाय की कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स, फोटो, कॉल लॉग बघता येणार नाहीत, आणि कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यातच आली पाहिजे. वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही हाही नियम आहे. त्यामुळे बनावट ॲपवाले फोटो मॉर्फ करून धमक्या देत असतील तर लाजून गप्प बसू नका, सायबर हेल्पलाइन १९३० आहे तिथे फोन करा, पोलिसात जा. त्यात अडकलेल्या पोरांना हे माहीत नसतं आणि ती घाबरून दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढून पहिल्याचं भरतात. यात काही मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात आल्यात. म्हणून ही चुप्पी मोडणं मला अगदी जिवाचा प्रश्न वाटतो.

आता श्रद्धेचं. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय की काय खाऊ, काय पिऊ, काय पांघरू याची चिंता करू नका, आकाशातली पाखरं बघा, रानातली फुलं बघा. हे वचन मला अतिशय प्रिय आहे. पण बँकेची पाकिटं न उघडता कपाटावर टाकणारी माणसंही मला हेच वचन ऐकवतात, की ईश्वर बघून घेईल. याच येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात विचारलंय की तुमच्यापैकी कुणाला बुरूज बांधायचा असला तर तो आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का, आपल्याकडे पुरेसं आहे का ते बघणार नाही का, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील. तिथे तो शिष्य होण्याची किंमत सांगतोय हे खरं, पण उदाहरण म्हणून त्याने हिशेब करणारा माणूसच निवडला. म्हणून मला तरी असं वाटतं की हिशेब केल्यावर जी भीती उरते ती देवाच्या हातात द्यायची, हिशेबच देवावर टाकायचा नाही. हिशेब न करणाऱ्याची चिंता जात नसते, ती रात्री दोन वाजता उठवते, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याबद्दल मला शंका नाही.

आणि यूट्यूबवर, टीव्हीवर जे प्रचारक सांगतात की हजार रुपयांचं बीज पेरा, देव शंभरपट देईल, तुमचं कर्ज फिटेल, खाली क्यूआर कोड आहे, त्यांच्याबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे, कुणाला वाईट वाटलं तरी. हे सुवार्तेत, म्हणजे येशूच्या शिकवणीत, नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं बीज म्हणजे देवाचं वचन, तिथे पैशाचा विषयच नाही. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट हे लोक फार सांगतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ती आहे, पण तिच्या लगेच आधी काय आहे ते सांगत नाहीत. लगेच आधी येशू म्हणतो शास्त्र्यांपासून, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांपासून, सावध राहा, ते विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबच लांब प्रार्थना करतात. त्यानंतर लगेच विधवा येते आणि तिच्याकडे होतं नव्हतं ते टाकून जाते. ती दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत ती उगाच नाहीत असं मी मानते. माझ्या ओळखीतली एक बाई, नवरा नाही, शिवणकाम करते, ती मुलाची फी थकलेली असताना अशा एका प्रचारकाला दर महिन्याला पैसे पाठवायची, कारण थांबवलं तर आशीर्वाद थांबेल अशी भीती तिच्या मनात घातली होती. भीती घालून घेतलेल्या पैशाला दान म्हणायचं?

दानाचं विचारतात बरेच जण. आमच्या प्रोटेस्टंट भावंडांमध्ये दशमांशाची (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची) शिस्त आहे, मला तिचा आदर आहे, आमच्या कॅथलिक चर्चमध्ये ठरावीक टक्का नाही, ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवायच्या असं आहे. पण व्याजाच्या कर्जात असलेल्याने दुसऱ्याचे पैसे देवाला देऊ नयेत असं माझं मत आहे. त्याने थोडं द्यावं, सवय मोडू नये म्हणून, बाकी वेळ द्यावा, हात द्यावेत. देणं फिटलं की मग मोकळ्या मनाने द्या ना! आणि ज्याने कर्ज दिलंय त्याला त्याचा पैसा वेळेवर परत करणं हीसुद्धा भक्तीच आहे, येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात रोमकरांना लिहितोच की एकमेकांवर प्रेम करण्याच्या ऋणाशिवाय कुणाचं काही देणं ठेवू नका.

पौलाचंच अजून एक. फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, टंचाईत कसं राहायचं ते कळतं आणि विपुलतेतही कसं राहायचं ते कळतं. त्याच्या पुढचं वाक्य, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सगळं करू शकतो, हे लोक गाड्यांवर, मगवर, परीक्षेच्या पॅडवर लिहितात. पण ते वाक्य कमी-जास्त पैशात शांत राहण्याबद्दल आहे! आणि तो हे तुरुंगातून लिहितोय, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती जी मदत पाठवली होती ती मिळाल्याची पोच देताना. म्हणजे समाधानाबद्दलचं इतकं मोठं वचन मदत मिळाल्याच्या पोचपावतीत आहे, आणि मदत घेताना पौलाला कमीपणा वाटत नाही, उलट माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत असं तो मोकळेपणाने लिहितो. आणि "शिकलोय" म्हणतो. म्हणजे समाधान त्याच्या स्वभावातच होतं असं नाही. ज्यांना वाटतं की आपण मुळातच चिंतातुर, आपल्याला ही शांती मिळणार नाही, त्यांनी हे जरूर वाचावं.

नवरा-बायकोचा विषय टाळून चालणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या सगळ्यांचे, मराठी ख्रिस्ती माणसाला भक्तीची भाषा त्यांनी दिली, आणि ते हातात आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकायचे हे महाराष्ट्राला माहीत आहे. पण घर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रेटलं, हेही तितकंच माहीत आहे. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते की उदारपणा दोघांच्या संमतीने झाला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये फार वेळा एकाने दुसऱ्यापासून कर्ज लपवलेलं असतं. बहुतेकदा नवऱ्याने, पण बायकांनीही, भिशीचे पैसे, गहाण टाकलेल्या बांगड्या, माहेरी दिलेले. ज्या दिवशी ते एकमेकांना कळतं त्या दिवशी घरात वादळ होतं, रडारड होते, पण खरं सांगते, पैसा एक रुपयाही वाढलेला नसताना नंतरच्या आठवड्यात त्या दोघांचे चेहरे बदललेले असतात. मला जर कुणी विचारलं की आर्थिक बाबतीत शांती म्हणजे नेमकं काय तर मी हेच दाखवीन. लपवायचं संपलं की अर्धी शांती तिथेच येते. बाकीची अर्धी यायला काही वर्षं लागतात कारण हप्ते तर भरावेच लागतात.

जामीन राहण्याबद्दलही लिहायला हवं. पतपेढीत कर्जाला जामीनदार लागतात आणि आपल्याकडे भिडेपोटी सही करतात, शेजारी आहे, गॉडफादर (बाप्तिस्म्यातला धर्मपिता) आहे, नाही कसं म्हणणार. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. त्याने बुडवलं की तुमच्या पगारातून कापून जातं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात तर लिहिलंय की शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, आत्ताच जा, गयावया कर आणि स्वतःला सोडवून घे, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुट. माझ्या टेबलासमोर बसून रडलेल्या जामीनदारांची संख्या कर्जदारांपेक्षा कमी नसेल. प्रेमाने नाही म्हणता येतं. आणि पैसे देण्याची ऐपत असेल तर सही करण्यापेक्षा थोडी रक्कम सरळ हातात द्या, परत आली नाही तरी चालेल एवढीच द्या.

आता आमच्या वसईचं. आमचे आजोबा-पणजोबा वाडीवाले, केळी, पानवेल, फुलं, भाजी, दूध, पहाटेच्या गाडीने माल मुंबईला. रोकडा फार नव्हता पण कर्जही सहसा लग्नापुरतं किंवा विहिरीपुरतं. नंतर जमिनींना भाव आले, वाड्या विकल्या गेल्या, एकरकमी पैसे हातात आले आणि त्या पैशाने आमच्या लग्नांचं रूप बदललं. पूर्वी उंबराचं पाणी (आमच्या लग्नातला एक विधी), घरासमोर मांडव, आळीतल्या बायकांनी मिळून केलेलं जेवण. आता हॉल, इव्हेंटवाला, ड्रोन, दोन-दोन रिसेप्शन, नवरीचे तीन ड्रेस. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांचं ठीक, पण ज्यांच्याकडे विकायला जमीन नव्हती त्यांनीही तेच करायचं ठरवलं आणि त्यासाठी पर्सनल लोन काढलं. फर्स्ट कम्युनियनच्या जेवणालासुद्धा कर्ज काढलेलं मी पाहिलंय. आठ-नऊ वर्षांच्या लेकराने पहिल्यांदा प्रभूभोजन घ्यायचं आणि त्याचे हप्ते आईवडिलांनी पुढची दोन वर्षं भरायचे. बायबलमधल्या काना नावाच्या गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला होता आणि यजमानाची लाज राखली गेली, हे मी आमच्या लोकांना नेहमी सांगते, येशू ज्या लग्नाला होता तिथेही कमी पडलं होतं. कमी पडणं हे पाप नाही.

मला फादर लोकांना विनंती करायचीय की लग्नाच्या आधी जो तयारीचा कोर्स घेता त्यात एक पूर्ण सत्र पैशाचं ठेवा. दोघांनी आपापली खाती, कर्जं, जामीनकी, आईवडिलांची जबाबदारी एकमेकांसमोर लिहून ठेवायची, आणि लग्नाचा खर्च कर्जाशिवाय होईल एवढाच ठरवायचा. स्वभाव जुळतात का ते विचारता, हेही विचारा ना.

चर्चला हे काम नवीन नाही. जर्मनीत रायफायझेन नावाचे एक गृहस्थ होते, भाविक प्रोटेस्टंट, छोट्या गावांचे महापौर. १८४६-४७ च्या उपासमारीत त्यांनी श्रीमंतांकडून पैसे जमवून गरिबांना पीठ, पाव मिळेल अशी सोय केली, पण पुढे त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या दानाने शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटत नाही, त्यांनी एकमेकांना कर्ज द्यायची संस्था पाहिजे. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यांनी तशी संस्था उभी केली. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९०९ मध्ये रांचीला फादर हॉफमन या जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरूंनी छोटानागपूरच्या आदिवासींसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली, आणि १९१८ मध्ये आमच्या वसईत बॅसीन कॅथलिक पतसंस्था सुरू झाली, तीच पुढे बँक झाली. त्या काळच्या धर्मगुरूंना आणि वाडीवाल्यांना कळलं होतं की सावकाराबद्दल नुसतं प्रवचन देऊन भागत नाही. आज सावकार मोबाइलमध्ये आलाय तर आपण का गप्प?

पंडिता रमाबाईंचंही इथे आठवतं. लोक त्यांच्याबद्दल सांगताना म्हणतात की त्यांचं मुक्ती मिशन, म्हणजे केडगावचा निराधार बायका-मुलींचा आश्रम, नुसत्या प्रार्थनेवर चाललं. प्रार्थनेवर तर चाललंच, त्यांचा देवावरचा भरवसा तुमच्या-माझ्यासारखा नव्हता. पण अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं आणि ती मुदत संपल्यावर काय, हा विचार करून बाईंनी आधीच केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली, विहिरी खणल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली घेऊन आल्या तेव्हा त्यांना ठेवायला ती जमीन होती. पुढे छापखाना, विणकाम, शेती, मुलींच्या हाताला काम. गुडघे टेकणारी आणि दहा वर्षं पुढचं बघणारी, दोन्ही एकच बाई होती.

काही जण विम्यालाही विरोध करतात, देवावर विश्वास असेल तर विमा कशाला. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आहे, अपघाताचा सुरक्षा विमा वर्षाला फक्त २० रुपये. घरातला कमावता माणूस गेल्यावर त्या विधवेला अलीशाकडे धावायची वेळ येऊ नये म्हणून हे करायचं. यात अविश्वास कसला?

तर माझं मागणं असं आहे. येत्या उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या) प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीने, निदान एका रविवारचं प्रवचन कर्जावर ठेवावं, आणि मिस्सानंतर हॉलमध्ये दोन टेबलं मांडावीत. प्रत्येक पॅरिशमध्ये रिटायर्ड बँकवाले, पतपेढीवाले, एखादा सीए, एखादा वकील असतोच, त्यांना बसवा. आलेल्या माणसाचं नाव बाहेर जाणार नाही एवढी खात्री द्या. तिथे कुणी पॉलिसी किंवा फंड विकायला बसता कामा नये, ही अट कडक ठेवा. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गरिबांच्या घरी वर्षानुवर्षं जातात, त्यांना कुठल्या घरात तगादा आहे हे आधीच माहीत असतं, त्यांना सोबत घ्या. आणि ज्यांनी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना बिनव्याजी उसने दिलेत आणि ज्यांना खरंच परत मिळायची आशा नाही, त्यांनी ते सोडून देता येतात का याचा विचार करावा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम होता, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्यात पन्नासाव्या वर्षी जमिनी मूळ घराण्याकडे परत. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या जुबिली (चर्चच्या खास क्षमेच्या) वर्षात श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जं माफ करायला सांगितलं होतं. देशांचं आपल्या हातात नाही पण चुलत भावाला दिलेले वीस हजार आपल्या हातात आहेत.

बिगरख्रिस्ती वाचक म्हणतील हे तुमचं चर्चचं, आम्हाला काय. पण कर्जाची लाज सगळ्या धर्मांत सारखीच आहे आणि देवळात, मशिदीत, विहारातही हेच टेबल मांडता येईल. आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं, अर्थाच्या पानावर गुंतवणुकीच्या सदराशेजारी कर्ज फेडण्याचं एक छोटं सदर सुरू करा, ज्यात वाचक नाव न देता आपला हिशेब पाठवतील आणि जाणकार माणूस उत्तर देईल, आधी कुठलं कर्ज फेडायचं, बँकेशी सेटलमेंटचं कसं बोलायचं, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीच्या गुणांवर) काय परिणाम होतो, सोनं विकून कार्ड फेडावं का. पहिले काही प्रश्न हवे असतील तर मी लोकांच्या परवानगीने, नावं काढून पाठवीन, माझ्याकडे भरपूर आहेत.

आपली,
एक वाचक, वसई